खर्जाचा घुमारा आणि वाहून नेण्याचा भार

१

बेस गिटार हे वाद्य स्वतः जवळजवळ मुके असते. तंबोऱ्यास भोपळा असतो, सारंगीस पोकळ पोट असते, डग्ग्यास धातूचे भांडे असते. परंतु बेस गिटारचे अंग भरीव लाकडाचे असते आणि त्याची तार छेडली तर समोर बसलेल्या श्रोत्यासही ती जेमतेम ऐकू येते. लिओ फेंडर यांनी १९५१ साली कॅलिफोर्नियात हे वाद्य विक्रीस आणले. तारेचे कंपन चुंबकाच्या साह्याने विजेत उतरवावयाचे, ती वीज विवर्धकाने वाढवावयाची आणि अखेरीस ध्वनिक्षेपकाच्या द्वारे तिचा पुन्हा नाद करावयाचा, अशी त्याची योजना होती. याचा अर्थ असा की, या वाद्याचा भोपळा वाद्यापासून तुटून वेगळा झाला आहे आणि तो एका लाकडी खोक्याच्या रूपाने वादकाच्या पाठीशी उभा राहतो. वादक या खोक्यास 'कॅबिनेट' म्हणतात. यास 'पेटी' म्हणावे असे भाषाशुद्धीच्या पुरस्कर्त्यांस वाटेल. परंतु संगीताच्या क्षेत्रात 'पेटी' हा शब्द हार्मोनियमने केव्हाच अडविला आहे. एकाच मंचावर दोन 'पेट्या' आल्या तर घोटाळा होईल, हे ओळखून वादकांनी परका शब्द पत्करला, आणि तो योग्यच म्हटला पाहिजे. प्रस्तुत लेखातही तोच शब्द वापरला आहे.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे कारण असे. आमच्या विद्यार्थ्यांचा एक लहानसा वाद्यवृंद आहे. त्याने वर्गणी जमवून एक कॅबिनेट घ्यावयाचे ठरविले. पैसा मर्यादित असल्यामुळे ही खरेदी एकदाच व्हावयाची आहे. तीन जणांनी तीन निरनिराळी मते मांडली व तिघांनीही आपल्या मताच्या समर्थनार्थ 'याला बेस चांगला आहे' हेच वाक्य उच्चारले. वाद वाढत गेला. तो ऐकताना असे ध्यानात आले की, हा वाद यंत्राविषयीचा नसून बऱ्याच अंशी एका शब्दाविषयीचा आहे. तिघेही 'बेस' या एकाच शब्दाने तीन वेगळ्या गोष्टींचा निर्देश करीत होते. शब्दाचे अर्थ वेगळे केल्याखेरीज निवड होणे शक्य नव्हते; आणि अर्थ वेगळे केल्यानंतरही ध्वनीचे शास्त्र पाहिल्यावाचून ती निवड योग्य ठरली नसती. म्हणून हा प्रपंच.

२

नीच स्वरांसाठी आपल्या परंपरेत शब्दांची वाण नाही. शिक्षाग्रंथांनी उच्चाराची उर, कंठ व शिर अशी तीन स्थाने सांगितली. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात मंद्र, मध्य व तार या सप्तकांचा संबंध याच स्थानांशी जोडला असून प्रत्येक पुढचे स्थान मागच्याच्या दुप्पट असल्याचे नमूद केले आहे. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर, एक सप्तक खाली उतरणे म्हणजे कंपसंख्या निम्मी होणे होय. मराठीतील 'खर्ज' हा शब्दही याच परंपरेतून आला. 'षड्ज' शब्दातील 'ष'चा उच्चार उत्तरेकडील पाठपरंपरेत 'ख'सारखा होत असे, त्यातून 'खरज' व 'खर्ज' ही रूपे निघाली; आणि पुढे मूळचा अर्थ संकोच पावून हा शब्द केवळ खालच्या षड्जास व एकूणच खालच्या पट्टीस लागू झाला.

'बेस' हा नवा शब्द मात्र आपल्याकडे आला तो अशा रीतीने संकोच पावला नाही. उलट त्याचा अर्थ पसरट झाला. आमच्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात त्याचे तीन अर्थ स्पष्टपणे दिसतात. पहिला अर्थ खोलीचा : कॅबिनेट किती खालच्या स्वरापर्यंत पोहोचते. दुसरा अर्थ परिमाणाचा : तो खालचा नाद किती मोठा निघतो. तिसरा अर्थ गुणाचा : नाद कसा आहे, स्वच्छ की रेंगाळणारा. या तिसऱ्या अर्थासाठी मराठीत फार नेमके शब्द आहेत. छेडताक्षणीच जो आघात जाणवतो तो 'ठोका'. आघातानंतर मागे उरतो तो 'घुमारा'. आटोपशीर, न पसरणारा नाद 'गोळीबंद'. मर्यादेबाहेर ताणला गेला की तो 'फाटतो'. वरचा भाग अधिक झाला की 'किनरा' आणि मधला भाग गळाला की 'पोकळ'. या शब्दांमागे मोजता येण्याजोगी वस्तुस्थिती आहे, हे पुढे दिसून येईल. ज्यास 'ठोका' हवा त्याने 'बेस' मागितला, तर दुकानदार त्याच्या हाती 'घुमारा' देण्याचा संभव फार असतो.

३

आता भौतिक बाजू पाहू. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदास ४१.२ कंपने करते. पुढील तीन तारांची कंपसंख्या अनुक्रमे ५५, ७३.४ व ९८ अशी असते. पाचवी तार असेल तर ती ३०.९ पर्यंत उतरते. सोलापूरच्या उन्हाळी हवेत नादाचा वेग सेकंदास सुमारे ३५० मीटर धरला, तर सर्वांत खालच्या तारेच्या स्वराची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर भरते. एवढी लांब लाट हात-दोन हात रुंदीच्या खोक्यातून उठवावयाची आहे. ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढे सरकला की पुढील हवा दाबली जाते आणि मागील हवा विरळ होते. लाट इतकी लांब असल्यामुळे पुढची हवा कडेने वळून सहज मागे जाते आणि दोहोंचा परिणाम एकमेकांस मारतो. पडद्याची मागची बाजू कोंडून ठेवणे हेच कॅबिनेटचे आद्य प्रयोजन होय.

कोंडलेली हवा मात्र स्प्रिंगसारखी वागते. खोके जितके लहान, तितकी ही स्प्रिंग ताठ आणि तितके खालचे स्वर दुर्बळ. विवर्धक पुष्कळ मोठा घेतला तर लहान खोक्यातूनही खालचा स्वर निघतो. परंतु त्याचे मोल द्यावे लागते. के. एल. एच. या अमेरिकन ध्वनिक्षेपक संस्थेच्या नावातील 'एच' हे अक्षर ज्यांच्या आडनावाचे, त्या योसेफ अँटन हॉफमन यांनी हे नाते सूत्ररूपाने मांडले. खोलवर पोहोच, अल्प विजेत मोठा नाद आणि लहान आकार, या तिहींपैकी कोणतेही दोन घेता येतात. तिसरे सोडावे लागते. पुढे नेव्हिल थील यांनी ऑस्ट्रेलियात १९६१ साली व रिचर्ड स्मॉल यांनी त्यानंतरच्या दशकात या नात्याचे गणित पूर्ण केले. त्याचा सारांश असा की, एकाच धाटणीच्या कॅबिनेटची कार्यक्षमता ही त्याच्या घनफळाच्या आणि खालच्या सीमेच्या कंपसंख्येच्या घनाच्या प्रमाणात असते.

'घनाच्या' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. खालची सीमा एक सप्तक खाली न्यावयाची, म्हणजे निम्मी करावयाची, आणि कार्यक्षमता तीच ठेवावयाची तर घनफळ आठपट लागते. सीमा ५८ कंपनांवरून ४१.२ वर आणावयाची तर घनफळ सुमारे २.८ पट लागते. घनफळ वाढवावयाचे नसेल तर विवर्धकाची शक्ती तितकीच पट वाढवावी लागते. म्हणजे ३०० वॅटच्या जागी सुमारे ८४० वॅट. यांतील फार थोड्या विजेचा नाद होतो. सामान्य ध्वनिक्षेपकाची कार्यक्षमता शेकड्यास एक ते पाचच्या घरात असते आणि उरलेली सर्व वीज तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन राहते. शिवाय तेवढाच दाब एक सप्तक खाली निर्माण करावयाचा असेल तर पडद्यास चौपट हालावे लागते. त्याची हालण्याची मर्यादा संपली की नाद फाटतो. तेव्हा पहिल्या दोन अर्थांचा 'बेस' आणि सुलभ वहन हे तिन्ही एकत्र मागणारा ग्राहक अशक्य वस्तू मागत असतो, आणि त्यास तशी वस्तू मिळाल्याचे सांगणारा विक्रेता या तिहींपैकी एक गोष्ट लपवीत असतो.

४

तर मग सोडावयाचे काय? येथे ध्वनिविज्ञानाचा अभ्यास उपयोगी पडतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूलस्वर साधारणपणे १०० ते १३० कंपनांच्या दरम्यान असतो. जुन्या धर्तीच्या दूरध्वनीची वाहिनी मात्र ३०० ते ३४०० एवढाच पट्टा वाहून नेत असे. म्हणजे पुरुषाचा मूलस्वर त्या तारेतून पलीकडे जातच नव्हता. असे असूनही बोलणारा पुरुष आहे हे ऐकणाऱ्यास कळे. इतकेच नव्हे, तर 'तो आला.' आणि 'तो आला?' यांतील भेद, जो मराठीत केवळ स्वराच्या चढउताराने साधतो, तोही बिनचूक कळे. जे पोहोचले नाही त्याचा चढउतार कानास कसा कळला?

त्याचे उत्तर असे की, कान मूलस्वराच्या एकट्या लाटेवर अवलंबून नसतो. १२० चा मूलस्वर असेल तर त्याबरोबर २४०, ३६०, ४८०, ६०० असे उपस्वर निघतात. पहिले दोन गाळले गेले तरी उरलेल्यांमधील अंतर १२० चेच राहते व त्या मांडणीवरून श्रवणेंद्रिय मूळची उंची ठरविते. झेबेक यांनी १८४१ साली केलेल्या प्रयोगांतून हा प्रश्न प्रथम उपस्थित झाला. ओहम व पुढे हेल्महोल्ट्झ यांनी त्याविरुद्ध मत दिले आणि जवळजवळ शंभर वर्षांनी शाउटन यांच्या संशोधनाने झेबेक यांच्या निरीक्षणास पुन्हा प्रतिष्ठा मिळाली.

याचा प्रत्यय देणारे वाद्य आपल्या जिल्ह्याच्या मातीशीच निगडित आहे. मिरजेच्या तंबोऱ्यांसाठी लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढे या भागात पिकतात. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पुरुष गायकाचा तंबोरा काळी एक पट्टीत लावला तर खर्जाची तार सेकंदास सुमारे ६९ कंपने करते. तिची तरंगलांबी सुमारे पाच मीटर; आणि भोपळ्याचा व्यास अर्ध्या मीटरच्या आतबाहेर. एवढ्याशा पोकळीतून ६९ चा मूलस्वर जोमाने निघणे शक्य नाही. तरीही तंबोऱ्याचा खर्ज सभागृह भरून टाकतो, याचे रहस्य जवारीत आहे. रुंद घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठावर तार स्पर्श करीत राहते, घोडीवरचा सुताचा तुकडा हा स्पर्श नेमका करतो आणि त्यातून उपस्वरांची समृद्ध मालिका निर्माण होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा व वीणा यांवरील आपल्या निबंधात या घोडीचे वैशिष्ट्य दाखवून दिले होते. भोपळा उपस्वरांस उचलून धरतो आणि त्यांवरून खर्ज आपला कान रचतो. मिरजेच्या कारागिराने हॉफमन यांच्या सूत्रातील तिसरी गोष्ट सोडण्याची युक्ती अशी साधली की, सोडलेले श्रोत्याच्या ध्यानातच येऊ नये.

बेस गिटारच्या संदर्भातही हेच घडते. ४१.२ च्या स्वराबरोबर ८२.४, १२३.६, १६४.८ हे उपस्वर असतात आणि तारेच्या नादात पुष्कळदा पहिला उपस्वर मूलस्वराहून प्रबळ असतो. १९६९ साली अँपेग कंपनीने विवर्धकासह बाजारात आणलेले आठ दहा-इंची ध्वनिक्षेपकांचे बंद कॅबिनेट हे रॉक संगीतातील बेसच्या नादाचा मानदंड समजले जाते. त्याच्या आधुनिक आवृत्तीच्या माहितीपत्रकात खालची सीमा ५८ कंपने अशी दिलेली आहे. त्याखाली नाद उतरू लागतो. म्हणजे जगाने ज्यास 'भरदार बेस' मानले, ते कॅबिनेट सर्वांत खालच्या तारेचा मूलस्वर पूर्णपणे देत नाही. त्याचा भरदारपणा ८० ते २०० या पट्ट्यातील विपुलतेत आहे.

याची मर्यादाही सांगितली पाहिजे. मोबाइल दूरध्वनीच्या चिमुकल्या ध्वनिक्षेपकावर तंबोरा लावला तर खर्जाची उंची कळते, पण त्याचे वजन कळत नाही. स्वर ओळखण्यास उपस्वर पुरतात. छातीस जाणवणारा भारदस्तपणा मात्र निदान ७०-८० कंपनांपर्यंतचा पट्टा प्रत्यक्ष हवेत आल्याखेरीज येत नाही. तेव्हा निष्कर्ष असा काढता येईल की, सोडावयाचेच असेल तर सर्वांत खालचे अर्धे सप्तक सोडावे. त्यावरचे सोडू नये.

५

कॅबिनेटचे दोन मुख्य प्रकार आहेत : बंद आणि सच्छिद्र. बंद कॅबिनेटमध्ये सीमेखालील नाद दर सप्तकास १२ डेसिबेल या बेताने, म्हणजे हळूहळू उतरतो. सच्छिद्र कॅबिनेटमध्ये एक नळी किंवा फट असते. आतील हवा व नळीतील हवा मिळून एका विशिष्ट कंपसंख्येस घुमतात आणि त्या ठिकाणी नादास आधार देतात. अल्बर्ट थुरास यांनी या रचनेचे अमेरिकन पेटंट १९३२ साली मिळविले. परंतु तत्त्व जुने आहे. गोमंतकातील घुमट हे मातीचे वाद्य घ्यावे. त्याच्या एका तोंडावर चामडे ताणलेले असते व दुसरे अरुंद तोंड मोकळे असते. वादक त्या मोकळ्या तोंडावर हात कमी-अधिक झाकून घुमारा बदलतो. सच्छिद्र कॅबिनेट बनविणारा कारागीर हेच करतो. फरक एवढाच की, त्याला तो हात एकदाच आणि कायमचा ठेवावा लागतो.

त्यातूनच या प्रकाराचे गुणदोष निघतात. तेवढ्याच आकारात सच्छिद्र कॅबिनेट अधिक खाली पोहोचते. परंतु घुमाऱ्याच्या त्या कंपसंख्येखाली नाद दर सप्तकास २४ डेसिबेल या वेगाने कोसळतो आणि पडद्यास हवेचा आधार न उरल्यामुळे तो व्यर्थ हेलकावे खाऊ लागतो. म्हणून अशा कॅबिनेटबरोबर अतिमंद्र कंपने गाळणारी योजना विवर्धकात असणे हितावह असते. घुमाऱ्याची जागा चुकीची निवडली तर एखादाच स्वर उसळून येतो आणि बाकीचे मागे राहतात. ज्यास 'ठोका' व 'गोळीबंद' नाद हवा त्याने बंद, किंवा नीट जुळविलेले सच्छिद्र कॅबिनेट घ्यावे. केवळ 'घुमारा' मोठा हवा म्हणून ढोबळ छिद्राचे खोके घेऊ नये.

ध्वनिक्षेपकाच्या व्यासाविषयीही एक रूढ समज तपासला पाहिजे. पंधरा इंची खोल, दहा इंची उथळ, असे मानले जाते. वस्तुतः हवा ढकलली जाते ती एकूण क्षेत्रफळाने व पडद्याच्या हालचालीने. व्यासांचे वर्ग घेतले तर पंधरा इंची एकाचे २२५, बारा इंची दोहोंचे २८८ आणि दहा इंची चौघांचे ४०० असे प्रमाण पडते. चार दहा-इंची मिळून एका पंधरा-इंचीहून पाऊणपट अधिक हवा हालवितात. खोली ठरते ती खोक्याचे घनफळ, पडद्याची नैसर्गिक कंपसंख्या आणि त्याच्या हालचालीची मुभा यांवरून. व्यासाचा खरा परिणाम वरच्या बाजूस होतो. मोठा पडदा वरचे उपस्वर अरुंद झोतात फेकतो, त्यामुळे समोरच्या श्रोत्यास ठोका ऐकू येतो व बाजूस बसलेल्यास येत नाही. याच कारणास्तव अनेक ध्वनिक्षेपक आडवे न मांडता उभे, एकावर एक मांडावे. म्हणजे नाद दोन्ही बाजूंस पसरतो आणि वरचा ध्वनिक्षेपक वादकाच्या कानाजवळ येतो.

६

आता भाराचा विचार करू. अँपेगच्या त्या प्रसिद्ध कॅबिनेटचे वजन साठ किलोंच्या पुढे आहे. ते सभागृहात कायमचे ठेवावयाचे असेल तर प्रश्नच नाही. परंतु आमच्या वाद्यवृंदातील बेस वाजविणारी विद्यार्थिनी जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहते. तालीम एकीकडे, कार्यक्रम दुसरीकडे आणि युवक महोत्सव कधी शहरात तर कधी तालुक्याच्या गावी. ज्या कॅबिनेटसाठी प्रत्येक वेळी टेंपो आणि दोन माणसे लागतात ते हळूहळू घरीच राहू लागते, आणि मग तालमी कॅबिनेटवाचून होऊ लागतात. वाद्य कोणी वाजवावे हे अशा वेळी गुणावर न ठरता खांद्याच्या बळावर ठरते. विद्यार्थ्यांच्या संस्थेत असे होणे इष्ट नाही.

सुदैवाने भार कमी करण्याचे मार्ग नादास फारसे मारक नाहीत. पहिला मार्ग लाकडाचा. ६० सें.मी. उंच, ६० सें.मी. रुंद व ४० सें.मी. खोल अशा खोक्याचे पृष्ठफळ १.६८ चौरस मीटर भरते. ते १८ मि.मी. जाडीच्या, घनमीटरला सुमारे ६८० किलो भरणाऱ्या बर्च प्लायवुडचे केले तर नुसत्या फळ्यांचे वजन वीस किलोंच्या वर जाते. १२ मि.मी. जाडीचे पॉपलर प्लायवुड, घनमीटरला सुमारे ५०० किलोंचे, वापरले तर तेच दहा किलोंवर येते. पातळ फळी स्वतःच कंप पावू लागते, हा त्यातला धोका. त्यावर उपाय म्हणजे आतून आडवे-उभे आधार देणे. त्याने एक-दोन किलो वाढतात, पण फळी मुकी होते. फळीवर मुठीने ठोकून पाहावे : 'टक्' असा आखूड आवाज आला तर ठीक, 'ढब' असा लांबला तर आधार अपुरे आहेत.

दुसरा मार्ग चुंबकाचा. निओडिमियम, लोह व बोरॉन यांचे चुंबक १९८४ च्या सुमारास जपानमधील सुमितोमो व अमेरिकेतील जनरल मोटर्स येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे प्रकाशात आणले. पूर्वीच्या फेराइट चुंबकापेक्षा फार लहान तुकड्यात ते तेवढेच बल देतात. त्यामुळे ध्वनिक्षेपकाचे वजन पुष्कळदा निम्म्याजवळ येते. किंमत मात्र अधिक पडते. तिसरा मार्ग विभागणीचा आहे, आणि त्याचा विचार शेवटी केला आहे.

७

कॅबिनेट कोठे वाजणार हेही ध्यानात घेतले पाहिजे. भिंतीलगत वा कोपऱ्यात ठेवल्यास खालचे स्वर काही डेसिबेलांनी वाढतात. पोकळ लाकडी मंचावर ते मंचासही घुमवितात व नाद गढूळ होतो. अशा वेळी खाली जाड रबर किंवा घडी केलेली सतरंजी घालून कॅबिनेट मंचापासून अलग करावे. सोलापूरहून सुमारे शंभर किलोमीटरांवर असलेल्या विजापूरच्या गोलघुमटात ज्याने आवाज देऊन पाहिला असेल, त्यास जागा स्वतःच वाद्य कशी होते हे वेगळे सांगावयास नको. मोकळ्या मैदानात याच्या उलट प्रकार होतो. तेथे भिंतीच नसल्यामुळे खालचा नाद विरून जातो. तेथे कितीही मोठे कॅबिनेट नेले तरी ते श्रोत्यांस पुरणार नाही. विवर्धकातून वेगळी तार काढून ती मैदानाच्या ध्वनियोजनेस जोडावी, आणि कॅबिनेट केवळ वादकांच्या कानांसाठी ठेवावे. म्हणजे मोठ्या जागेसाठी मोठे कॅबिनेट घ्यावे, हा युक्तिवाद सर्वांत मोठ्या जागीच लंगडा पडतो.

शेजाऱ्यांचाही विचार करणे अगत्याचे आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल अशी मर्यादा घातली आहे. हे मापन कानाच्या संवेदनेस अनुसरून 'ए' भारांकनाने करतात आणि त्यात ६३ कंपनांच्या नादातून सुमारे २६ डेसिबेल वजा होतात. त्यामुळे मापकावर आकडा लहान दिसला तरी भिंतीतून जाणारा दणका लहान असतोच असे नाही. वरचे स्वर भिंत अडविते, खालचे फारसे अडवीत नाही. निवासी वस्तीत तालीम करणाऱ्या वाद्यवृंदास अतिखोल कॅबिनेट हे भूषण नसून पुष्कळदा तक्रारीचे निमित्त होते. सर्वांत खालचे अर्धे सप्तक सोडण्यास हे आणखी एक कारण आहे.

८

या सर्व विवेचनावरून आमच्या वाद्यवृंदापुरता जो निर्णय निघतो तो असा. एक मोठे कॅबिनेट न घेता दोन सारखी लहान कॅबिनेट घ्यावीत. प्रत्येकात एक बारा-इंची निओडिमियम ध्वनिक्षेपक, आतून आधार दिलेले हलके प्लायवुड, आठ ओहमांचा रोध आणि पंधरा किलोंच्या आत वजन असावे. दोन्ही समांतर जोडली असता रोध चार ओहम होतो. आपला विवर्धक चार ओहमांस समर्थ आहे याची खात्री आधी करावी. एकाऐवजी दोन वाजविल्याने खालच्या पट्ट्यात सहा डेसिबेलांपर्यंत वाढ मिळू शकते, कारण क्षेत्रफळही दुप्पट होते आणि विजेचा पुरवठाही. हाच लाभ एकाच कॅबिनेटमधून मिळवावयाचा तर शक्ती चौपट करावी लागली असती. घरी व तालमीस एक पुरते, सभागृहात दोन एकावर एक उभी करावयाची. दोन हातांत दोन वस्तू घेऊन जिना उतरता येतो; तेवढ्याच वजनाची एक वस्तू घेऊन तो एकट्यास उतरता येत नाही. 'जुळे' हे ज्या वस्तीचे नाव, तेथील वादकाने जुळी कॅबिनेट बाळगावीत हे नावासही शोभेल.

निवड करताना पुढील गोष्टी पाळाव्यात. दुकानात एकट्याने वाजवून निर्णय घेऊ नये. ढोलक वा ड्रम सोबत असू द्यावा, कारण एकटेपणी सुंदर वाटणारा घुमारा तालवाद्यात बुडून जातो. खालच्या तारेपासून एकेक स्वर सारख्या जोराने चढत जावे. एखादा स्वर उसळला तर ते कॅबिनेट टाळावे. कॅबिनेटच्या पुढ्यात उभे न राहता पाच-सहा मीटरांवर जाऊन ऐकावे. वॅटचा आकडा सलग शक्तीचा आहे की क्षणिक, ते विचारावे. खालच्या सीमेचा आकडा किती डेसिबेल उतारावर मोजला आहे, हेही विचारावे. उतार तीनचा की दहाचा हे न सांगता दिलेला आकडा निरर्थक होय. अखेरीस कॅबिनेट एका हाताने उचलून एक मजला चढून पाहावा.

विद्यार्थ्यांच्या त्या वादापैकी दोन मते या विचाराने मागे पडली. तिसरे मत गोळीबंद नाद हवा असे म्हणणाऱ्याचे होते. 'बेस' हा शब्द बाजूस ठेवून ज्याने त्याने 'खोली', 'मोठेपणा', 'ठोका' आणि 'घुमारा' हे शब्द वेगवेगळे वापरावयाचे ठरविल्यावर उरलेल्या दोघांसही ते पटले.

या निमित्ताने एक सूचना करावीशी वाटते. सोलापुरातील बँडवाले, ध्वनिक्षेपक भाड्याने देणारे, खोकी बनविणारे सुतार व वाद्य दुरुस्त करणारे कारागीर यांच्या बोलण्यात मराठी, कानडी, तेलुगू व दखनी उर्दू यांच्या संगमातून नादवाचक शब्दांचा मोठा साठा वावरत असावा. तो शब्दकोशांत आलेला नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हा विषय प्रबंधासाठी घेतला, तर प्रत्येक शब्दासमोर तो ज्या नादास लावला जातो त्याचे ध्वनिमुद्रण व वर्णपटही नोंदवावा. शब्द आणि कंपसंख्या एकाच पानावर आल्यास भाषाविज्ञानाचा लाभ होईल, आणि पुढच्या वाद्यवृंदास आपले कॅबिनेट निवडणेही सोपे जाईल.